राणीच्या कानामागची माती

शेजारच्या काकांनी ते नाणं माझ्या तळहातावर ठेवलं तेव्हा मला ते एखाद्या जुन्या कोटाचं बटण वाटलं. काळंकुट्ट, एका बाजूला किंचित वाकलेलं, सुपारीच्या चकतीसारखं पातळ, आणि गोल म्हणावं तर धड गोलही नाही. खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत, टिश्यूच्या घडीत ते ठेवलेलं होतं. "चांदी आहे," काका म्हणाले. मी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, तरीही मला चांदी काही दिसली नाही.

हे काका आमच्या नात्यातले नव्हेत. साउथहॅम्प्टनच्या बंदरावर कंटेनर उचलणारी क्रेन चालवून निवृत्त झालेले चौऱ्याऐंशी वर्षांचे गोरे गृहस्थ. आमच्या आणि त्यांच्या घराची मधली भिंत एकच आहे. तोंडावर आम्ही त्यांना नावानेच हाक मारतो, इथली रीत तशी आहे. पण दार लावून घेतलं की माझ्या आणि नवऱ्याच्या बोलण्यात ते काका आणि त्यांची बायको काकू. तीस वर्षांत एकदाही चुकून त्यांच्यासमोर 'काका' तोंडातून निघालं नाही, याचं मला नवल वाटतं.

त्या दोघांना एक छंद होता. रविवारी क्लबातल्या लोकांबरोबर, शेतकऱ्याची परवानगी काढून, नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरायचं. कानाला हेडफोन, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, आणि हातातलं यंत्र केरसुणीसारखं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. पहिल्यांदा ते फोटो पाहिले तेव्हा मी नवऱ्याला म्हणाले होते, "रिटायर झाल्यावर लोक घर झाडतात, हे शेत झाडतायत." वीस वर्षांत मिळालं काय, तर कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या कड्या, ट्रॅक्टरचे बोल्ट, काडतुसांची बुडं आणि ढीगभर बटणं. आणि एकदा हे नाणं, तेही काकूंना. त्यानंतर दोन महिन्यांनी काकू गेल्या. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

"तिला सापडलेली शेवटची वस्तू," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं.

नाणं साडेचारशे वर्षांपूर्वीचं, तीन पेनीचं. त्या काळी चांदीची चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवायची आणि वरून हातोडा हाणायचा. हाणणाऱ्याचा हात जसा पडेल तसं नाणं. त्यामुळे एकासारखं दुसरं नाही. या नाण्यावर उमटलेली त्या काळची राणी मधोमध नव्हतीच, बाकावर कोणाला तरी जागा करून दिल्यासारखी एका बाजूला सरकली होती. काळ्या-तपकिरी थरातून आधी मला एक नाक दिसलं, मग गळ्याभोवतीची झालर, आणि डोक्यामागे मातीत बुडालेला एक उंचवटा. "तो गुलाब आहे," काका म्हणाले. "कानामागे." मला ती राणी एकदम ओळखीची वाटायला लागली. केसात फूल माळलेली बाई, फक्त तोंड धुवायची राहिलेली. माझ्या मनात काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. हिला एकदा स्वच्छ घासायला हवं, असं त्याच मिनिटाला मनात आलं.

काकांचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर तीन-चार आठवडे रिहॅबमध्ये राहायचं होतं. मुलंबाळं नाहीत. रिकाम्या घरात ती डबी ठेवायला त्यांचं मन होईना, म्हणून ते काठी टेकत आमच्याकडे आले होते. "तुमच्या किमती वस्तूंबरोबर ठेवा," ते म्हणाले. "आणि याला काही करायला नको हं, डॉक्टर. आहे तसंच राहू दे."

हे ते म्हणाले. अगदी स्पष्ट म्हणाले. माझे कान शाबूत आहेत; मी भूल देणारी डॉक्टर होते, आणि माझा नवरा तर कान-नाक-घशाचाच डॉक्टर होता, तोही याची खात्री देईल. पण मी पुण्याच्या घरात वाढलेली बाई आहे. आमच्याकडे 'काही करू नका' याचा अर्थ 'काही करू नका' असा कधी नव्हताच. पाहुणा दारातूनच म्हणतो, 'काही करू नका हं, आत्ताच खाऊन निघालोय.' तेव्हा घरातल्या बाईने हसायचं आणि आत जाऊन पोहे भिजवायचे. त्याचं बोलणं खरं धरून नुसता पाण्याचा पेला पुढे केला, तर तो चार घरी जाऊन सांगणार की कोरड्या तोंडाने परत पाठवलं. पहिलं 'नको' शिष्टाचाराचं, दुसरं संकोचाचं. तिसऱ्या 'नको'चा फार तर विचार करावा.

आणि काकांच्या बाबतीत हे आधी एकदा खरं ठरलं होतं. काकू गेल्यावर मी डबा घेऊन गेले तेव्हा ते म्हणाले होते, "नको, उगाच त्रास घेऊ नका." मी डबा तिथेच ठेवून आले. दुसऱ्या दिवशी तो धुऊन, पुसून आमच्या पायरीवर. पुन्हा डबा, पुन्हा 'नको'. तिसऱ्या आठवड्यात मी म्हणाले, दर गुरुवारी आमच्याकडेच जेवायला या. ते 'नको' म्हणाले आणि आले. दोन वर्षांत एकही गुरुवार चुकला नाही. वरणभात त्यांना इतका आवडायला लागला की तुपाची दुसरी धार ते स्वतःच मागून घ्यायचे. त्यामुळे या माणसाच्या 'नको'चं काय करायचं ते मला पक्कं ठाऊक आहे, असं मी समजून चालले होते.

डबी मी देवघराच्या खणात ठेवली. आमचं देवघर म्हणजे किचनमधलं एक कपाट. वरच्या फळीवर देव, खालच्या खणात चांदीचं सामान. निरांजनं, अत्तरदाणी, फुलपात्र, आणि लग्नात, बारशात, डोहाळजेवणात जमलेली लक्ष्मीच्या शिक्क्याची नाणी. काकांनी किमती वस्तूंबरोबर ठेवा म्हटलं होतं. याहून किमती असं आमच्याकडे काही नाही.

दोन आठवड्यांनी दिवाळी आली. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सगळी चांदी घासायची हा माझ्या माहेरचा नियम आहे. काळी चांदी देवापुढे ठेवायची नाही. आई दात घासायच्या पांढऱ्या पावडरीने घासायची. मी इथे आल्यावर सुधारले. सिंकमध्ये परात ठेवायची, तळाशी फॉइल, वर बायकार्ब सोडा, कढत पाणी, आणि त्यात चांदी बुडवायची. कुजक्या अंड्याचा वास येतो आणि काळेपणा आपोआप सुटतो. मग जुन्या टूथब्रशने कोपरे घासायचे. निरांजनं झाली, अत्तरदाणी झाली, लक्ष्मीची नाणी झाली. खणात एकटी खोकल्याच्या गोळ्यांची डबी राहिली.

नवरा टेबलाशी बसून पेपरातलं क्रॉसवर्ड सोडवत होता. त्याने मान वर केली. "अगं, ते काकांचं आहे ना? त्यांनी नको म्हटलं होतं."

"अहो, ते तसं म्हणायची पद्धत असते. बिचाऱ्यांना एकट्याने जमत नसेल. ऑपरेशन करून घरी येतील आणि बघतील, लखलखीत! किती बरं वाटेल त्यांना."

"आर यू शुअर?"

"तुम्ही तुमचं क्रॉसवर्ड सोडवा."

त्याने सोडवलं. आमच्या संसारात चाळीस वर्षं असंच चालत आलं आहे, त्यामुळे त्याच्यावर दोष टाकायची सोय नाही.

माती सहज सुटली नाही, हे मला चांगलं आठवतं. कानामागे आणि गुलाबाच्या भोवती ती घट्ट बसली होती. मी दोनदा कढत पाणी घातलं, ब्रश उभा धरून घासलं, आणि शेवटी रांगोळीची चिमूट घेऊन अंगठ्याने चोळलं. हातोड्याखाली घडलेलं ते इवलंसं तोंड हळूहळू वर आलं. डोळा, ओठ, केसांची बट, गुलाबाच्या पाकळ्या. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. मग परातीतलं पाणी सिंकमध्ये ओतून दिलं. लक्ष्मीपूजनाला आमच्या नाण्यांच्या शेजारी मी त्या राणीलाही पाटावर बसवलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. कोण कुठली राणी, पण साडेचारशे वर्षांनी का होईना तिला कोणीतरी कुंकू लावलं, याचं मला मोठं कौतुक वाटलं. फोटो काढून मी तो पुण्यातल्या बहिणीलाही पाठवला.

आठवड्याने काका घरी आले. मी दुसऱ्याच दिवशी डबी घेऊन गेले. खिडकीशी खुर्चीत बसले होते, वॉकिंग फ्रेम समोर, टेबलावर त्यांचा भिंगाचा दिवा. मीच डबी उघडून नाणं दिव्याखाली ठेवलं आणि बाजूला उभी राहिले, शाबासकी घ्यायला.

काका वाकले. पुष्कळ वेळ पाहत राहिले. नाणं कडेने उचलून त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, आणि अंगठा राणीच्या कानामागे नेऊन परत घेतला. मग म्हणाले, "वेल. दॅट्स व्हेरी शायनी."

"हो ना? दोन वेळा घासलं," मी म्हणाले.

"व्हेरी काइंड ऑफ यू."

मी खूश होऊन घरी आले. चाळीस वर्षं या देशात काढून, हजारो इंग्रज माणसांना ऑपरेशनच्या टेबलावर भूल देऊन, मला ही दोन वाक्यं कळली नाहीत. माझे पेशंट झोपलेले असायचे, त्यामुळे बोलण्याचा सराव कमी, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढू शकते. पण ते खरं नाही. ऐकायला आवडलं असतं तेच मी ऐकलं.

त्या गुरुवारी काकांनी फोन केला की आज फिजिओ येणार आहे, जमणार नाही. पुढच्या गुरुवारी दमलो आहे म्हणाले. तिसऱ्या गुरुवारी टेबलावर तीन ताटं मांडलेली होती आणि ते पोट बरं नाही म्हणाले. मी वाढून डबा भरला आणि घेऊन गेले. त्यांनी दारातच घेतला, थँक्यू म्हणाले, आत या म्हणाले नाहीत. मला राग आला. इतकं केलं या माणसासाठी, आणि हा दारात उभं करतो! नवरा म्हणाला, ऑपरेशननंतर माणसं उदास होतात. मी म्हणाले, ते मला सांगू नका. पण रात्रीच्या जेवणात वरणाला फोडणी द्यायची मी विसरले, आणि आमच्या दोघांपैकी कोणीच ते बोलून दाखवलं नाही.

डिसेंबरात एका दुपारी मी मऊ खिचडी घेऊन गेले. दार उघडंच होतं, कारण क्लबातली एक बाई आली होती. सत्तरीची, काकूंची मैत्रीण, शेतात मोठ्याने बोलून बोलून आवाज कायमचा चढलेला. काका खुर्चीत होते, आणि ती टेबलाशी उभी राहून डबी उघडत होती. "पुन्हा एकदा बघू दे तिचं नाणं," म्हणत तिने टिश्यू उलगडला आणि तिचा चेहराच बदलला.

"हे कोणी केलं?" ती म्हणाली. "कोणी घासलं हे?"

मी खिचडीचं भांडं धरून दारात उभी.

"जुनी चांदी कधी घासत नाहीत, हे आपल्याकडे पोराटोरांना कळतं," ती म्हणत होती. "पण ते जाऊ दे. ती माती! तिच्या अंगठ्याचा ठसा होता त्या मातीत. त्या दिवशी तिला वाकवत नव्हतं, तू ढेकूळ काढून दिलंस, तिने त्यातून नाणं काढलं आणि अंगठ्याने पुसलं. ओल्या मातीत इथे, या गुलाबावर, रेघा उमटल्या होत्या. मी स्वतः दिव्याखाली पाहिल्या आहेत. कोणी धुतलं हे?"

बोलायला हवं होतं. एकच शब्द पुरे होता. मी तोंड उघडलंही असेन, पण त्याआधी काका म्हणाले, "मीच. म्हातारपण, दुसरं काय. स्वच्छ करावंसं वाटलं."

त्या बाईचा आवाज एकदम खाली आला, तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, असू दे. मी भांडं ओट्यावर ठेवलं, गरम आहे तोवर खा म्हणाले, आणि निघून आले. इतकी वर्षं मी स्वतःला फटकळ म्हणवत आले आहे. जे वाटतं ते तोंडावर बोलते, याचा मला केवढा अभिमान! आणि नेमक्या वेळी माझ्या चुकीचं ओझं एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाने, नुकत्याच बसवलेल्या खुब्यासकट, स्वतःवर घेतलं आणि मी ते घेऊ दिलं.

घरी येऊन मी सरळ किचनमध्ये गेले आणि सिंकखालचं कपाट रिकामं करायला लागले. साबणाच्या बाटल्या, फडकी, प्लास्टिकच्या पिशव्या. नवरा आवाज ऐकून आला. मी त्याला सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढत होता, जणू चूक त्याची होती.

"आता काय करतेयस तू?"

"ट्रॅप उघडतेय. तिथे साचलं असेल काहीतरी. जड माती खाली बसते."

"अगं, दोन महिने झाले. त्यात रोज भांडी घासली आपण."

"पाना कुठे आहे?"

तो पाना शोधून घेऊन आला. गुडघ्यांवर बसताना दोघांच्याही सांध्यांचा आवाज झाला. त्याने खाली बादली धरली आणि मी तो पाइपाचा वाकडा तुकडा फिरवून काढला. आतून आलं काय, तर तेलकट करडा गाळ, दोन मोहऱ्या, एक भाताचं शीत आणि चहाचा चोथा. मी बोटाने तो गाळ बादलीत पसरून पाहत बसले. नवऱ्याने टॉर्च धरला. एका वेळी मला वाटलं की हा तपकिरी कण वेगळा आहे, आणि मी तो बोटावर घेऊन उजेडात नेला. तो चहाच होता.

"आणि समजा मिळाली असती माती," नवरा हळूच म्हणाला, "तर काय केलं असतंस?"

मी फरशीवर बसून राहिले. पस्तीस वर्षं मी संमतीपत्रावर सही असल्याशिवाय कोणाला सुई टोचली नाही. पेशंट नाही म्हणाला तर नाही. अर्ध्या मिनिटात होणारी गोष्ट असली, त्याच्या भल्याची असली, त्याच्याहून मला जास्त कळत असलं, तरी नाही. हे मी ज्युनिअर डॉक्टरांना घसा फोडून शिकवलं. आणि घरी आले की मी लोकांच्या 'नको'चे अर्थ लावत बसते. जित्याची खोड म्हणतात ती हीच. माणसाने स्पष्ट सांगितलं होतं, आहे तसंच राहू दे. मी त्याच्या बायकोचा अंगठा रांगोळीने घासून काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकाम्या हाताने गेले. माझ्या लक्षात आलं की तीस वर्षांत मी त्या घरी कधीच रिकाम्या हाताने गेले नव्हते. हातांचं काय करावं कळेना. काकांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फ्रेम मागे घेऊन वाट दिली. आम्ही समोरासमोर बसलो. डबी टेबलावर तिथेच होती.

"काल मी बोलायला हवं होतं," मी म्हणाले. "ते मी केलं. तुम्ही नको सांगितलं होतंत. मी ऐकलं होतं आणि तरी केलं. मला वाटलं, मला जास्त कळतं."

त्यांची नजर डबीवरच होती. तिथे माझ्यासाठी आणखी काही शिल्लक आहे की नाही, ते मला समजत नव्हतं. हे घर, ही भिंत, पलीकडून सकाळी ऐकू येणारी किटलीची शिट्टी, हे सगळं आपण गमावलं आहे असं मी आदल्या रात्री पडल्या पडल्या धरून चालले होते.

"मला राग आला," काका म्हणाले. शब्द एकेक करून, ओझं उतरवून ठेवावं तसे. "फार राग आला. अजून आहे. संध्याकाळी तुमच्या किचनचा दिवा लागला की मी पडदा ओढून घ्यायचो."

"मग तिला खोटं का सांगितलंत?"

"तिने तुम्हाला फाडून खाल्लं असतं. मग तुम्ही परत आला नसता." त्यांनी डबी थोडी सरकवली. "माती गेली. वर शेजारीही घालवावेत, एवढं आता माझ्याकडे शिल्लक नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याबरोबर रागही आला, कारण माझं तसंच आहे. "मग मला ओरडला का नाहीत?" मी म्हणाले. "त्याच दिवशी ओरडायचं ना! 'व्हेरी शायनी' काय म्हणता? मला काय कळतंय त्यातून? तोंडावर दोन शिव्या द्यायच्या होत्या!"

"आमच्या घरात," काका म्हणाले, "ओरडायचं काम तिचं होतं."

मला काकूंचा आवाज आठवला. भिंतीपलीकडून यायचा. चिखलाचे बूट कार्पेटवर आणले म्हणून, चहात साखर जास्त घातली म्हणून, उगाच म्हणून. दोन वर्षं त्या भिंतीतून काही ऐकू येत नव्हतं आणि मी त्याला शांतता म्हणत होते.

"त्या काय म्हणाल्या असत्या मला?" मी विचारलं.

काकांनी पाठ सरळ केली, हनुवटी वर उचलली, आणि म्हणाले, "यू इंटरफिअरिंग ओल्ड..." शेवटचा शब्द बंदरावरचा होता, तो मी इथे लिहीत नाही. पण पहिल्यांदा तो बरोबर बसला नाही. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्याने, शेवटचा शब्द वर ओढत, थेट काकूंच्या हेलात. खिडकीची काच हलली असेल. "हां," ते म्हणाले. "अशीच म्हणाली असती. अगदी अशीच."

मी हसले. तेही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा पिळवटला. काकूंच्या अंत्यविधीला हा माणूस टाय घट्ट करून उभा होता, आलेल्या प्रत्येकाला चहा मिळाला का विचारत होता. तेव्हा रडला नव्हता. आता तो आवाज करून रडत होता, दोन्ही हात मांडीवर उघडे टाकून.

मला उठून पाणी आणायचं होतं. किटली लावायची होती, टिश्यू द्यायचा होता, त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचा होता. माझे पाय आपोआप खुर्चीखाली सरसावले होते. पण त्यांनी काहीच मागितलं नव्हतं. मी उठले नाही. त्यांचं रडणं थांबेपर्यंत समोर बसून राहिले.